वेळ चुकलेल्या पेशी

आरोप ठरलेला होता आणि पुरावा कुणी मागत नव्हतं. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत एखादं मूल बोलेना, नजरेला नजर देईना, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासन्‌तास फिरवत बसलं, की डॉक्टरांचं लक्ष मुलावरून आईकडे वळायचं. आई मनानं थंड, तिनं पोराला माया लावली नाही, म्हणून ते स्वतःत मिटून गेलं, असा निष्कर्ष निघायचा. अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणत. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये याच मताचं पुस्तक लिहिलं. नाझी छळछावणीत स्वतः दिवस काढलेल्या या गृहस्थांनी छावणीतल्या कैद्याची अवस्था आणि स्वमग्न मुलाची अवस्था शेजारी शेजारी ठेवली. तुलना पुढे नेली तर पहारेकऱ्याच्या जागी कोण उरतं, हे वाचणाऱ्या प्रत्येक आईला कळलं.

सेनगाव, कळमनुरी, वसमतच्या खेड्यांत बेटलहाइमचं नाव कुणी ऐकलेलं नाही. आरोप मात्र हिंगोली जिल्ह्यातल्या घरांना ओळखीचा आहे. ‘पोटुशी असताना गिराण पाळलं नसंल’, ‘पोराच्या हातात मोबाइल देऊन बसली’, ‘शेतात गेली, पोराकडं ध्यान दिलं नाही’. कारणं बदलतात, बोट त्याच दिशेला असतं.

हा आरोप विज्ञानानं कसा खोडला आणि खोडताना त्याच्या हाती काय लागलं, त्याची ही हकिगत आहे. ती लंडनमध्ये सुरू होते, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि इटलीतून जाते आणि मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठी, एका महत्त्वाच्या वळणावर येते.

एकवीस जोड्या

ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, पहिलं गाजलेलं वर्णन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केलं. अकरा मुलं होती. ही अवस्था जन्मजात दिसते, असं कॅनर यांनी स्वच्छ लिहिलं होतं. त्याच लेखात या मुलांचे आईबाप फारसे मायाळू वाटत नाहीत, अशीही नोंद होती. लोकांनी पहिलं वाक्य सोडलं आणि दुसरं उचललं. पुढे बराच काळ खुद्द कॅनरही त्या दुसऱ्या वाक्याच्या बाजूनं झुकले. अखेर १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत उभं राहून त्यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. पण जाहीर करणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं.

सिद्ध करायची वाट अवघड होती. ऑटिझम आनुवंशिक असेल, असं त्या काळच्या बहुतेक तज्ज्ञांना वाटत नव्हतं. स्वमग्न आईबापांची स्वमग्न मुलं त्यांना दिसत नव्हती आणि भावंडांमधलं प्रमाणही जेमतेम दोन टक्के होतं. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्रीमध्ये मायकेल रटर आणि अमेरिकेहून आलेल्या तरुण डॉक्टर सुझन फोल्स्टीन यांनी हाच आकडा उलटा करून पाहिला. त्या वेळी ऑटिझमचं सर्वसाधारण प्रमाण दहा हजारांत चार मानलं जाई. त्या हिशेबानं भावंडांतले दोन टक्के म्हणजे पन्नासपट झाले. जे क्षुल्लक वाटत होतं, तोच मोठा धागा होता.

मग जुळ्यांचा शोध सुरू झाला. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी असतात, दोन बीजांतून झालेल्यांची सामान्य भावंडांइतकीच जुळतात. आई मात्र दोन्हीकडे एकच, घर एकच. दोष आईच्या वागण्यात असेल, तर दोन्ही प्रकारच्या जोड्यांत सारखाच दिसायला हवा. दोघांनी देशभरातले डॉक्टर, विशेष शाळा आणि पालक संघटना पालथ्या घातल्या. इतक्या दुर्मीळ निदानात जुळी मिळणं आणखी दुर्मीळ. हाती लागल्या एकवीस जोड्या: अकरा एकबीज, दहा द्विबीज. निदान करणाऱ्याला कोणतं मूल कोणत्या जोडीतलं, जोडी कोणत्या प्रकारची, हे कळू नये म्हणून प्रत्येक मुलाच्या टिपणातली ओळख पुसून टाकली.

१९७७ मध्ये निकाल छापून आला. अकरा एकबीज जोड्यांपैकी चारमध्ये दोन्ही मुलं स्वमग्न होती. दहा द्विबीज जोड्यांपैकी एकातही नव्हती. भाषेच्या किंवा आकलनाच्या अडचणीही मोजल्या, तेव्हा फरक आणखी रुंदावला: एकबीजांत अकरापैकी नऊ, द्विबीजांत दहापैकी एक.

एकवीस जोड्या म्हणजे फार लहान नमुना. पण पुढच्या चाळीस वर्षांत मोजमाप मोठं होत गेलं आणि दिशा तीच राहिली. २०१९ मध्ये डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या वीस लाखांवर मुलांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. ऑटिझमचा संभव माणसामाणसांत का बदलतो, याचं सुमारे ८० टक्के उत्तर आनुवंशिकतेत मिळालं. याच अभ्यासात आईकडून, जनुकांखेरीज, येणारा प्रभाव वेगळा काढून मोजला होता. तो जवळपास शून्य निघाला.

खोटा माग आणि खरा माग

मधल्या काळात तपास एकदा साफ भरकटला. १९९८ मध्ये लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरनं बारा मुलांच्या आधारावर गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीकडे बोट दाखवलं. पत्रकार ब्रायन डीअर यांनी त्यातली लबाडी उघड केली. २०१० मध्ये हा लेख छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकानं तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून लस आणि ऑटिझम यांचा संबंध नाही, हे पुन्हा दाखवलं गेलं.

यातला विरोधाभास फारसा सांगितला जात नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. पोटात असताना ज्यांना हा संसर्ग झाला, अशी २४३ मुलं न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी तपासली. त्यांपैकी दहा जणांत ऑटिझमची पूर्ण लक्षणं होती, आठ जणांत अर्धवट. त्या काळच्या प्रमाणाच्या मानानं हा आकडा थक्क करणारा होता. म्हणजे रुबेला हे ऑटिझमचं एक खरं, जैविक कारण निघालं आणि ते टाळायचा उपाय म्हणजे तीच लस, जिच्यावर पुढे आळ आला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला मोहीम झाली, तेव्हा शाळाशाळांतून पालक बिचकत होते. ज्याची भीती वाटत होती, त्याच्याच विरुद्ध ती सुई होती.

चेस यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट हाती आली. संसर्ग गर्भात झाला होता. म्हणजे जे घडतं, ते मूल जन्मण्याआधी, मेंदू बांधला जात असताना घडतं. शोधाचं ठिकाण ठरलं. आता जनुकं सापडायला हवी होती.

ती २०१२ मध्ये झुंडीनं सापडू लागली. अमेरिकेतल्या तीन गटांनी स्वमग्न मूल आणि त्याचे आईबाप यांची जनुकं अक्षर अक्षर वाचून शेजारी शेजारी ठेवली. काही मुलांत असे बदल होते, जे आईतही नव्हते आणि बापातही नव्हते. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना ते नव्यानं घडले होते. असे बदल बहुतांशी बापाकडून येतात आणि बापाच्या वयाबरोबर वाढतात, हेही त्याच वर्षी स्पष्ट झालं. म्हणून आता बापाकडे बोट वळवावं, असं नाही. हे बदल प्रत्येक माणसात थोडेफार असतात, ते कुठे पडतील यावर कुणाचा ताबा नसतो. २०२० पर्यंत ३५ हजारांवर लोकांच्या जनुकवाचनातून ऑटिझमशी जोडलेली १०२ जनुकं वेगळी काढली गेली. त्यांतली बरीच गर्भातल्या मेंदूत काम करतात.

एवढी जनुकं हाती आली आणि कोडं अधिकच अवघड झालं. हे शंभर वेगळे आजार, की शंभर वाटांनी घडणारी एकच गडबड? यादी वाचून ते कळणार नव्हतं. एकेक जनुक घेऊन, ते मेंदूत कधी, कुठे, काय करतं हे पाहावं लागणार होतं.

जुन्या नावाचं जनुक

ऑटिझमशी नातं निघालेल्या अशाच एका जनुकाची गोष्ट १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. स्लोन-केटरिंग संस्थेतले एसेंग लाय रॅट जातीच्या उंदरांच्या गर्भात जनुकं शोधत होते. त्यांना एक जनुक असं मिळालं, जे मेंदूच्या पुढच्या भागातच चालू होतं, बाकी मेंदूत बंद. त्यांनी त्याला ‘ब्रेन फॅक्टर १’, म्हणजे ‘बीएफ-१’, असं साधं नाव दिलं. १९९५ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मोठ्या मेंदूचे गोलार्ध नीट वाढलेच नाहीत.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात, कॅलटेक संस्थेत, मुंबईहून गेलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रबंधाच्या कामातला एक शोधलेख छापून आला. वाढत्या मेंदूचा पुढचा भाग वेगवेगळ्या विभागांत कसा वाटला जातो, हा त्याचा विषय. या वाटणीच्या खुणा म्हणून तिनं ज्यांची तुलना केली, त्यांत एक होतं बीएफ-१. तिचं नाव शुभा टोळे. तिचे मार्गदर्शक पॉल पॅटरसन यांनीही पुढे ऑटिझमकडे मोर्चा वळवला. गरोदर मादीच्या शरीरातली प्रतिकारयंत्रणा फार चेतवली गेली, तर पिल्लांच्या वागण्यात ऑटिझमसारखे बदल होतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांत दाखवलं.

टोळे १९९९ मध्ये मुंबईत परतल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. होमी भाभांनी भौतिकी आणि गणितासाठी काढलेल्या या संस्थेत ओबेद सिद्दीकींनी १९६२ पासून जीवशास्त्राचं रोप लावलं होतं. टोळे यांचा प्रश्न मुळाशी जाणारा होता: सुरुवातीला सारख्याच दिसणाऱ्या पेशींना आपण मेंदूचा कोणता भाग व्हायचं, हे कसं कळतं? २००८ मध्ये त्यांच्या आणि कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांच्या गटाचं उत्तर ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. एलएचएक्स-२ हे एकच जनुक उंदराच्या वाढत्या मेंदूत ठिकठिकाणी बंद केलं, तर ते ठिपके आपली ओळख विसरतात. मेंदूची बाह्य साल होण्याऐवजी ते हुकूम सोडणारे पट्टे बनतात आणि आजूबाजूच्या पेशींना हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचा भाग, व्हायला लावतात. एका मेंदूत एकाहून अधिक हिप्पोकॅम्पस दिसू लागले. मेंदूचा नकाशा एका जनुकाच्या बोटावर फिरू शकतो, हे यातून उघड झालं. पुढे, २०१४ मध्ये, टोळे यांना इन्फोसिस पारितोषिक मिळालं.

इकडे बीएफ-१ चं बारसं पुन्हा झालं होतं. नव्या पद्धतीत त्याचं नाव पडलं ‘फॉक्सजी-१’. २००८ मध्ये इटलीतल्या सिएनाच्या डॉक्टरांना दोन मुलींत हेच जनुक बिघडलेलं मिळालं. या अवस्थेत डोकं लहान राहतं, बोलणं येत नाही किंवा फार थोडं येतं, झटके येतात, हातपाय आपोआप हलतात, आणि वागण्यात ऑटिझमची लक्षणं दिसतात. आज तिला ‘फॉक्सजी-१ सिंड्रोम’ म्हणतात. ती दुर्मीळ आहे, पण तिनं एक दार उघडलं. प्रयोगशाळेतल्या उंदराचं जनुक माणसाच्या घरात येऊन पोचलं होतं.

काही घरांत ते फार जवळ आलं. अमेरिकेतल्या कोरियन वंशाच्या सू-क्युंग ली मेंदूच्या विकासाच्या जनुकांवर वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांची मुलगी वाढेना, म्हणून जनुकचाचणी केली आणि फॉक्सजी-१ मध्ये बदल निघाला. जगात ज्या मोजक्या लोकांना हे जनुक नीट समजत होतं, त्यांपैकीच एकीच्या हातात तो अहवाल पडला. त्यांनी आपली प्रयोगशाळा याच जनुकाकडे वळवली. २०२४ मध्ये त्यांच्या गटानं नवजात उंदरांत निरोगी जनुक पोचवून मेंदूतले काही दोष भरून काढल्याचं दाखवलं. बेटलहाइमच्या काळी याच बाईला थंड आई ठरवलं गेलं असतं.

मग गुंता वाढला. २०१५ मध्ये येल विद्यापीठात फ्लोरा वाकारिनो यांच्या गटानं ऑटिझम असलेल्या, डोक्याचा आकार मोठा असलेल्या मुलांच्या त्वचेच्या पेशी घेतल्या. जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी दाखवलेल्या पद्धतीनं त्या मागे नेऊन मूलपेशी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या पेशी, केल्या आणि त्यांच्यापासून बशीत मेंदूच्या ऊतीचे लहान गोळे वाढवले. घरातल्या ऑटिझम नसलेल्या माणसांच्या पेशींचेही गोळे केले. चार कुटुंबं होती आणि त्यांच्यात कोणताही एक ठळक जनुकदोष नव्हता. तरी स्वमग्न मुलांच्या गोळ्यांत फॉक्सजी-१ चं काम जास्त जोरानं चाललं होतं आणि मेंदूला आवर घालणाऱ्या पेशी प्रमाणाबाहेर होत होत्या. फॉक्सजी-१ खाली आणलं, की हा फुगवटा उतरत होता. २०२१ मध्ये गोइची मियोशी यांच्या गटानं उंदरांत दाखवलं, की फॉक्सजी-१ कमी केलं तरी आणि वाढवलं तरी पिल्लांचं वागणं ऑटिझमसारखं होतं.

कमीही वाईट आणि जास्तही वाईट. मग हे जनुक नक्की सांभाळतं काय?

कुलाब्याचं उत्तर

एक सुगावा २००४ पासून पडून होता. लाय यांच्या सहकारी करिना हानाशिमा यांनी दाखवलं होतं, की हे जनुक मध्येच बंद केलं तर मेंदूच्या पेशी पुढचं काम सोडून सगळ्यात आधी जन्मणाऱ्या पेशी बनवायला मागे वळतात. जागा चुकत नव्हती, वेळ चुकत होती.

मेंदूची बाह्य साल बांधताना क्रम पक्का असतो. मूलपेशींचा एकच संच आधी चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, तयार करतो. त्यांचं काम उरकलं की तोच संच अॅस्ट्रोसाइट करू लागतो. या ताऱ्यासारख्या फाट्यांच्या पेशी चेतापेशींचं पोषण करतात आणि त्यांच्या जोडण्या राखतात. शेवटी येतात ऑलिगोडेंड्रोसाइट, ज्या चेतापेशींच्या तारांवर चरबीचं आवरण चढवतात. घर बांधताना आधी गवंडी, मग वायरिंगवाला, मग रंगारी यावा, तसंच. रंगारी आधी आला, तर त्याचं काम कितीही चोख असलं तरी भिंतच उभी नसते. मूलपेशी आज गवंडी पाठवायचा आणि उद्या रंगारी, हे कशावरून ठरवते, हा टोळे यांच्या गटाचा प्रश्न होता.

प्रयोग नाजूक. गरोदर उंदरीला भूल देतात, पोटावर लहान छेद घेऊन गर्भाशय उघडं करतात. पेराएवढ्या गर्भाच्या मेंदूच्या पोकळीत केसासारख्या काचेच्या सुईनं डीएनए सोडतात आणि विजेचे हलके ठोके देऊन तो पेशींत शिरवतात. मग सगळं जागच्या जागी ठेवून टाके घालतात, गर्भ पोटातच वाढत राहतो. ज्या पेशींत डीएनए गेला, तेवढ्यांतच फॉक्सजी-१ बंद होतं आणि त्या चमकत्या रंगानं ओळखू येतात. शेजारच्या पेशी शाबूत राहतात, म्हणून फरक एकाच मेंदूत पाहता येतो.

वेळ निवडली होती ती मूलपेशी चेतापेशी घडवण्यात गुंतलेल्या असतानाची. फॉक्सजी-१ बंद झालं आणि त्यांनी ते काम टाकलं. ज्यांची पाळी पुढे यायची होती, त्या अॅस्ट्रोसाइट आधीच तयार होऊ लागल्या.

का, हे शोधताना गट पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनापाशी पोचला: एफजीएफआर-३. बाहेरून येणारा एफजीएफ नावाचा रासायनिक निरोप पकडणारा हा ग्राहक. फॉक्सजी-१ या ग्राहकाचं जनुक दाबून ठेवतं, म्हणून मूलपेशीला तो निरोप फारसा ऐकू येत नाही आणि ती चेतापेशी करत राहते. एरवी दिवस भरत आले की फॉक्सजी-१ आपोआप उतरतं, ग्राहक वाढतो, निरोप पोचतो, आणि अॅस्ट्रोसाइटची वेळ होते. जनुक बिघडलं तर निरोप वेळेआधीच पोचतो. प्रयोगशाळेत हा निरोप मुद्दाम वाढवूनही पाहिला. तेव्हा फॉक्सजी-१ भरपूर दिलं, तर त्यानं ती घाई रोखली.

निरोप पाठवतं कोण, याचंही उत्तर मिळालं. नुकत्याच जन्मलेल्या चेतापेशीच तो मूलपेशींकडे पाठवतात. चेतापेशींमधलं फॉक्सजी-१ काढलं, तर त्यांचा निरोप वाढतो आणि त्यांच्या मूलपेशी, स्वतः निरोगी असूनही, अॅस्ट्रोसाइटकडे वळतात. म्हणजे हे जनुक दोन टोकांना बसलं आहे: बोलणाऱ्याच्या तोंडाशी आणि ऐकणाऱ्याच्या कानाशी. फॉक्सजी-१ नसलेल्या मूलपेशींत एफजीएफचा निरोपही कमी केला, तेव्हा त्या आणखी पुढच्या टप्प्यावर गेल्या आणि ऑलिगोडेंड्रोसाइट करू लागल्या. महिमा बोस या पहिल्या लेखिका असलेला हा शोधलेख २०२५ मध्ये ‘ईलाइफ’ नियतकालिकात अंतिम रूपात आला. १९९५ मध्ये मेंदूच्या नकाशावरची एक खूण म्हणून शुभा टोळे यांच्या कामात आलेलं जनुक तीस वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेत मेंदूचं वेळापत्रक राखताना सापडलं.

याचा अर्थ ताणू नये. हा शोध उंदरांतला आहे आणि ऑटिझमच्या बहुतेक मुलांत फॉक्सजी-१ धडधाकट असतं. उद्या यावरून गोळी निघणार नाही. ‘ऑटिझम बरा करतो’ म्हणून मूलपेशींची इंजेक्शनं विकणाऱ्यांना तर यात काडीचाही आधार नाही. पण जनुकांच्या लांबलचक यादीला एक अर्थ यातून लागू लागतो. त्यांतली बरीच जनुकं गर्भातल्या मेंदूत इतर जनुकांना चालू-बंद करतात. कुठे कमी, कुठे जास्त, अशा वेगवेगळ्या बिघाडांतून मेंदूच्या बांधणीचा क्रम आणि प्रमाण ढळू शकतं, हे एका जनुकापुरतं तरी आता पायरी पायरीनं दिसलं आहे. आणि हे सारं घडतं ते मूल कुशीत येण्याआधी, आईनं त्याला मोबाइल दाखवण्याच्या कितीतरी आधी.

हिंगोलीला यात काय

हिंगोलीचं नाव विज्ञानाच्या जगात सध्या दुसऱ्याच कारणानं घेतलं जातं. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होणार आहे. २०२३ मध्ये केंद्रानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या मागे असलेला अणुऊर्जा विभाग टीआयएफआरलाही पोसतो. एकाच विभागाच्या पैशातून औंढ्याच्या माळावर ताऱ्यांच्या टकरी ऐकल्या जाणार आहेत आणि कुलाब्यात मेंदूच्या पेशींचे निरोप ऐकले जात आहेत. पहिल्या कामासाठी हिंगोलीनं जमीन दिली. दुसऱ्या कामात मराठवाडा अजून नकाशावर नाही.

भारतातल्या मुलांमधल्या विकासाच्या अडचणींचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांची ३,९६४ मुलं तपासली होती आणि सुमारे आठात एका मुलाला कोणती ना कोणती अडचण होती. ठिकाणं पाच: कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा. मराठी मुलखाच्या कडेला उत्तर गोवा आला, मराठवाडा नाही.

तो यायला हवा, याला एक खास कारण आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जुनी आहे. जवळच्या नात्यात लग्न झालं, की एकाच बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती मुलात एकत्र यायचा संभव वाढतो. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जोसेफ ग्लीसन यांच्या गटानं नात्यात लग्न झालेल्या कुटुंबांतच ऑटिझम आणि फिट्स एकत्र असलेल्या मुलांचा अभ्यास केला. बीसीकेडीके हे जनुक बिघडलेलं निघालं. त्यामुळे शरीर काही अमायनो आम्लं फार वेगानं जाळून टाकत होतं आणि मेंदूला ती कमी पडत होती. तसाच दोष असलेल्या उंदरांना ती आम्लं आहारातून भरपूर दिली, तेव्हा त्यांची लक्षणं कमी झाली. हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे. पण ज्या थोड्या घरांत तो असेल, तिथे तो वेळेवर ओळखणं मोलाचं आहे आणि अशी घरं सापडायची शक्यता नात्यात लग्नं होणाऱ्या भागातच जास्त. नात्यात लग्न झालेल्यांची बहुतेक मुलं निरोगीच असतात, हेही विसरू नये. माहिती हवी ती सल्ला देण्यासाठी, नवा आरोप करण्यासाठी नव्हे.

तोवर जे हाताशी आहे, ते कमी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरमध्ये झाली. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं, आणि त्याच्या यादीत ऑटिझम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमला स्वतंत्र स्थान आहे, म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. वाणी-उपचार आणि खेळातून शिकवणं जितक्या लहानपणी सुरू होईल, तितका मुलाला उपयोग जास्त.

खुणाही साध्या आहेत. वर्षाचं मूल बडबडत नाही, बोटानं दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही. किंवा येत असलेलं बोलणं गेलं. यातलं एकही दिसलं, तर ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणून थांबू नका. अंगणवाडीत नाव सांगा, आधी कान तपासून घ्या, जिल्हा रुग्णालयाची तारीख घ्या. आईचा दोष नाही, हे १९७७ पासून जगाला माहीत आहे. तेव्हा त्या तारखेला तिला एकटीला पाठवू नका. बापानं, आजीनं किंवा मामानं, कुणीतरी तिच्यासोबत जावं.